पंधरावं वचन वगळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेच्या अंकात आपण दरवर्षी ख्रिस्ताच्या मरणावर एक लेख छापता, त्याबद्दल आधी मनापासून आभार. आमच्या घरात तो लेख कातरून पवित्र शास्त्रात ठेवायची पद्धत माझ्या सासूबाईंपासून आहे. यंदाचाही कातरला. पण ठेवताना ज्या पानात तो ठेवायचा ते पान वाचलं, आणि लेख हातातच राहिला.

लेखात कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं चौदावं वचन घेतलं आहे. आपल्याविरुद्ध असलेला लेख, म्हणजे आपल्या नावावरचा ऋणपत्रासारखा दस्तऐवज, देवानं खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळला, असा त्याचा आशय. त्यावरून लेखक सांगतात की माणसाच्या पापामुळे देवाचा कोप भडकला होता, तो शमायला कुणाला तरी शिक्षा व्हायलाच हवी होती, ती निष्पाप पुत्राला झाली, आणि ख्रिस्ती प्रायश्चित्त म्हणतात ते हेच. लेख तिथं संपतो. चौदाव्याला लागून असलेलं पंधरावं वचन त्यात नाही. हे पत्र लिहिणारा पौल तिथं म्हणतो की देवानं सत्ताधीशांना आणि अधिकाऱ्यांना नाडलं, त्यांचं उघडउघड प्रदर्शन केलं आणि वधस्तंभावर 'जयोत्सव' केला. रोमन सेनापती लढाई जिंकून आला की हरलेल्यांना साखळदंडात बांधून आपल्या रथापुढं भर रस्त्यानं चालवायचा. पौलाच्या वाचकांच्या डोळ्यांपुढं तीच मिरवणूक उभी राहणार. फरक एवढाच की इथं विजयी वीर स्वतः खिळलेला आहे आणि धिंड निघाली आहे ती पापाची, मरणाची, सैतानाची.

मी धर्मशास्त्राची पदवीधर नाही. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते आणि आता अहिल्यानगरला राहते. पण या एका वगळलेल्या वचनावर माझं अर्धं आयुष्य उभं आहे, म्हणून लिहिते.

माझे यजमान वर्कशॉपमध्ये फिटर होते. हात सोन्याचे, स्वभाव मायाळू, आणि दारू. दारूच्या घरात काय असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. एकच रात्र सांगते. थोरली दहावीला होती. तिच्या परीक्षेच्या फीचे पैसे यांनी गुत्त्यावर घालवले. रात्री शुद्धीवर आले तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मुलीचे पाय धरायला गेले. मी त्यांना माफ केलं. खरोखर केलं, वरवरचं नाही. मुलीनंही केलं. ते गुडघ्यावर बसले, देवाची क्षमा मागितली, आम्ही तिघांनी मिळून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला ते परत पिऊन आले.

त्या रात्री मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. त्यांच्या नावावरचं खातं कोरं झालं होतं, माझ्याकडूनही आणि माझ्या श्रद्धेप्रमाणे देवाकडूनही. तरीही त्यांच्या मानगुटीवर जे बसलं होतं ते हललं नव्हतं. क्षमा माझ्या हातात होती, सुटका नव्हती. त्याच महिन्यात एका सभेत आलेल्या पाहुण्या प्रवचनकारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या मालकांची दारू म्हणजे देवाची शिक्षा आहे, अजून पश्चात्ताप करा. मी तिथं काही बोलले नाही. घरी येऊन मार्काच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला. येशू तिथं म्हणतो की बळकट माणसाला आधी बांधल्याशिवाय त्याच्या घरात शिरून त्याची मालमत्ता कुणाला लुटता येत नाही. सैतान हा तो बळकट, त्याला बांधायला आलेला येशू, आणि लुटून न्यायची ती 'मालमत्ता' म्हणजे आपण माणसं. माझा नवरा त्या घरात कोंडला होता. त्याला आणखी एक शिक्षा सुनावणारा कुणी नको होता, दार फोडून आत येणारा हवा होता.

आता थोडा इतिहास, कारण लेखात 'चर्चनं पहिल्यापासून हेच शिकवलं' असं वाक्य आहे आणि ते बरोबर नाही.

पहिली हजारएक वर्षं वधस्तंभाविषयी बोलताना मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तोंडी सगळ्यात जास्त भाषा होती ती लढाईची आणि सुटकेची. दुसऱ्या शतकात लिऑनचा बिशप इरेनियस लिहितो की आदामानं जिथं जिथं हार खाल्ली तिथं तिथं ख्रिस्त नव्यानं चालला आणि जिंकला, म्हणजे माणसाला बांधणाऱ्याला एका माणसानंच बांधलं. चौथ्या शतकातला सुरियानी भाषेत लिहिणारा कवी एफ्रेम याच्या गीतांत तर मरण आणि सैतान एकमेकांशी भांडतात आणि मरण आपली लूट गेली म्हणून रडतं. ग्रीक आणि रशियन मंडळ्यांत ईस्टरच्या रात्री आजही एकच कडवं पुन्हा पुन्हा गातात: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, मरणानं मरणाला तुडवून. आमच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, 'अधोलोकात उतरला' असे शब्द आहेत. ते आपण घाईनं म्हणून पुढं जातो, पण जुन्या ख्रिस्ती लोकांचा ईस्टर त्या दोन शब्दांत होता.

माणसानं देवाच्या मानाला धक्का लावला, त्याची भरपाई माणसाला झेपणारी नव्हती, म्हणून देव माणूस झाला आणि ती करून गेला, ही मांडणी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म यानं केली. त्याचा ग्रंथ 1098 मध्ये पुरा झाला. सरंजामी काळ तो, मान आणि भरपाई याच भाषेत तेव्हाचे लोक विचार करत. अन्सेल्मवर अन्याय नको म्हणून सांगते, भरपाई आणि शिक्षा या दोन गोष्टी तो वेगळ्या धरतो. भरपाईच्या जागी शिक्षा आली ती पुढं, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात. पण त्याच शतकातल्या मार्टिन ल्यूथरची 1529 ची छोटी प्रश्नोत्तरी पाहा. तिथं तो म्हणतो की ख्रिस्तानं मला पापापासून, मरणापासून आणि सैतानाच्या सत्तेपासून सोडवलं. तिन्ही नावं शत्रूंची आहेत. 1930 मध्ये स्वीडनचे धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ आउलेन यांनी ही जुनी समजूत पुन्हा उजेडात आणली आणि ल्यूथरलाही त्याच परंपरेत बसवलं. तिला लॅटिनमध्ये 'क्रिस्तुस व्हिक्तोर', म्हणजे विजयी ख्रिस्त, असं नाव पडलं. हेच आउलेन पुढं बिशप झाले आणि नाझींविरुद्ध उघड बोलले. मला ते स्वाभाविक वाटतं. दुष्ट सत्ता खऱ्या असतात आणि वधस्तंभावर त्यांचा पराभव झालाय, असं मानणारा माणूस तशी सत्ता शेजारच्या देशात उभी राहिल्यावर गप्प कसा बसेल?

या जुन्या लेखकांचं सगळंच मला पटतं असं नाही. चौथ्या शतकातला बिशप न्युसाचा ग्रेगरी म्हणतो की ख्रिस्ताचा देह हे आमिष होतं, देवत्व त्याच्याआड लपवलेला गळ, आणि सैतान माशासारखा गळाला लागला. देवानं फसवून जिंकावं हे माझ्या मनाला लागतं. त्याच काळातला नाझियान्झसचा ग्रेगरी मला जवळचा वाटतो. त्यानं एक साधा प्रश्न विचारला होता, आणि तो आपल्या मराठी शास्त्रातल्या एका शब्दामुळे आपल्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त बोचायला हवा.

तो शब्द म्हणजे 'खंडणी'. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. आपल्याच वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर हा शब्द आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि तो कुणाबद्दल येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. खंडणी मागतो तो गुंड. ती भरतो तो आपलं माणूस सोडवायला धडपडणारा बाप. या दुसऱ्या ग्रेगरीचा प्रश्न असा की ही खंडणी मग दिली कुणाला? सैतानाला दिली म्हणावं तर लुटारूला मोबदला म्हणून स्वतः देवच मिळाला, हे लाजिरवाणं. पित्याला दिली म्हणावं तर त्यानं आपल्याला कुठं कोंडून ठेवलं होतं? ग्रेगरी दोन्ही नाकारतो आणि म्हणतो की जुलमी सत्तेला जिंकून देवानं आपल्याला सोडवलं. आपल्या लेखातल्या मांडणीत मात्र बापच खंडणी मागणारा होऊन बसतो. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न जाणाऱ्या तरुण मुलांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. माझ्या नातवानं मला विचारलं होतं, "आजी, आपल्याला माफ करायला देवाला कुणाला तरी मारावं का लागलं?" तो सातवीत आहे. त्याला उत्तर मिळायला हवं.

मी त्याला एक चित्र दाखवलं.

1986 च्या सुमारास माझी नेमणूक रायगड जिल्ह्यात, महाड-पोलादपूरकडच्या एका आरोग्य केंद्रात होती. खोलीत माझ्यासोबत कोट्टयमची एक मलयाळी परिचारिका असायची, जुन्या सुरियानी मंडळीतली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक छापील चित्र चिकटवलेलं होतं. पुढं कळलं की ते इस्तंबूलच्या खोरा या जुन्या चर्चमधल्या चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्राचं. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त दोन्ही पाय रोवून उभा आहे. एका हातानं आदामाला आणि दुसऱ्या हातानं हव्वेला थडग्यातून ओढून काढतोय. पायाखाली अधोलोकाची दारं मोडून पडलीत, कुलपं, किल्ल्या, कड्या काळोखात विखुरल्यात, आणि त्यांच्यामध्ये हातपाय बांधलेला सैतान.

मी ते चित्र रोज बघायचे आणि कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ख्रिस्तानं त्या दोघांचे हात हातात घेतलेले नाहीत. त्यानं मनगटं धरलीत. आम्ही नाडी बघतो तिथं. ज्याच्यात ताकद आहे तो हात दिला की हात पकडतो. ज्याच्यात काहीच उरलेलं नाही त्याला उचलायचं तर मनगटच धरावं लागतं, नाहीतर त्याची बोटं निसटतात. हे कुठल्याही परिचारिकेला न शिकवता कळतं.

त्याच केंद्रात एका रात्री आठ वर्षांच्या मुलीला आणलं. भाताच्या पेंढ्यात हात घातला होता, लाल विंचू चावला. अंग घामानं निथळत होतं, हातपाय बर्फासारखे, नाडी दोऱ्यासारखी. त्या भागात विंचवानं गेलेलं एखादं लेकरू घरोघरच्या आठवणीत असायचं. पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन नावाचं औषध वापरायला सुरुवात केली होती, आणि आमच्या डॉक्टरांकडे ती गोळी होती. गोळी दिली. मी रात्रभर तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसले. पहाटेपर्यंत तिची पावलं कोमट झाली. हात मात्र ठणकत होता, आणि ती ओरडून ओरडून आईला बोलावत होती. आई घाबरली, म्हणाली, "सिस्टर, अजून दुखतंय तिला." डॉक्टर म्हणाले, "दुखू दे. आता जीवाला धोका नाही."

करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय मी लहानपणापासून पाठ म्हणत आले होते: "अरे मरणा, तुझा विजय कोठे? अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" त्या रात्रीनंतर मी 'नांगी' हा शब्द कधीही नुसता म्हटलेला नाही. ख्रिस्त जिंकला असेल तर जगात अजून इतकं वाईट का, असं मला हिंदू मैत्रिणी विचारतात, ख्रिस्तीही विचारतात. मला त्या मुलीचा ठणकणारा हात आठवतो आणि कोमट झालेली पावलं आठवतात. याहून जास्त चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही, पण हे आहे.

यजमानांचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. आमच्या देवळाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची बैठक भरायची. ही चळवळ अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झाली, तिच्या बारा पायऱ्या आहेत. पहिलीच पायरी म्हणजे आपण दारूपुढे हतबल आहोत हे कबूल करणं, आणि दुसरी म्हणजे आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला ताळ्यावर आणू शकते असा विश्वास धरणं. यजमान पहिल्या बैठकीहून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "तिथं मला कुणी पापी म्हणालं नाही. तुला कुणी धरलंय, असं विचारलं." त्यानंतर दोनदा घसरले. मग अकरा वर्षं थेंब घेतला नाही, आणि हृदयविकारानं गेले ते शुद्धीत, मुलीचा हात हातात घेऊन. माझ्या दृष्टीनं तो जयोत्सव होता. बिनआवाजाचा, वर्कशॉपच्या खाकी कपड्यातला.

एक धोका मला माहीत आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. 'विजय' हा शब्द ख्रिस्ती लोकांच्या हातात पुष्कळदा तलवार झालेला आहे. 312 मध्ये कॉन्स्टंटाइन ख्रिस्ताच्या खुणेखाली लढाई जिंकला, 1099 मध्ये क्रूस मिरवणाऱ्या सैनिकांनी यरुशलेममध्ये रक्ताचे पाट वाहवले, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे लोकांची श्रद्धा तपासून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, आलं. त्या लोकांनी इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचला नसेल असं नाही. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, असं तिथं स्पष्ट आहे. शत्रू म्हणजे माणूस नाही, शेजारी नाही, दुसऱ्या धर्माचा तर नाहीच. शिवाय हा विजय मिळाला तो मारून नाही, मरून. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात सिंह जिंकला म्हणून घोषणा होते, आणि योहान वळून बघतो तर समोर वधलेला कोकरा उभा असतो. एवढं ज्यानं नीट वाचलं त्याच्या हातून तलवार उचलली जाणार नाही.

आणि चौदावं वचन खोडा असं मी म्हणत नाहीये. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय मी उत्तम शुक्रवारच्या उपासनेत स्वतः वाचते, आणि 'आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला' इथं आल्यावर दरवर्षी माझा आवाज बसतो. माझ्याही नावावर लेख होता आणि तो खोडला गेला याबद्दल मी रोज देवाचे उपकार मानते. पण कर्ज माफ झालेला माणूस अजून सावकाराच्या कोठडीत असेल, तर त्याच्या बायकामुलांना नुसती माफीची बातमी सांगून काय उपयोग? पौलानं दोन्ही वचनं लागोपाठ लिहिली आहेत. ती तशीच छापावीत.

संपादक महोदय, आणखी एक विनंती, आणि ती लेखकांना नाही, आपल्याला आहे. शुक्रवारी आपण दोन रकाने देता आणि ईस्टरच्या रविवारी फक्त रंगीत अंड्यांचा फोटो. त्यामुळे आमच्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना वाटतं की आमचा मुख्य सण दुखवट्याचा आहे आणि रविवार मुलांच्या मौजेचा. खरं तर आमच्याकडे त्या रविवारी पहाटे चारला उठून दफनभूमीत जातात. आदल्या दिवशी थडगी चुन्यानं रंगवलेली असतात. अंधारात प्रत्येक जण आपापल्या माणसापाशी मेणबत्ती लावतो, झेंडू-शेवंतीची फुलं ठेवतो, मग भजनी मंडळ टाळ-मृदंगावर उठतं आणि नारायण वामन टिळकांचे अभंग सुरू होतात. ज्या जागी वर्षभर रडायला येतो तिथंच सूर्य उगवेपर्यंत गातो. यजमानांच्या दगडावर मी 'तुझी नांगी कोठे?' एवढंच कोरून घेतलं आहे. कोरणारा पाथरवट हिंदू होता. त्यानं विचारलं, "बाई, थडग्यावर विंचू कशाला?" मी त्याला पेंढ्यातल्या मुलीची गोष्ट सांगितली. त्यानं छिन्नी खाली ठेवली आणि डाव्या अंगठ्यावरचा डाग दाखवला. खाणीत दगड उलटताना चावला होता. मग त्यानं ती अक्षरं जरा जास्तच खोल कोरली.

पुढच्या वर्षी अंड्यांऐवजी त्या पहाटेचा फोटो हवा असेल तर आपल्या छायाचित्रकाराला साडेचारच्या आत पाठवा. त्या दिवशी फाटकाला कुलूप नसतं.

आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर